'सर' ते 'अश्विन': हाक मारायला शब्द नसलेल्या प्रेमाचे सिनेमे

कृष्णाकाठची

(आधीच सांगते, खाली सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. पाहायचे राहिले असतील तर पाहून या, चर्चेचा धागा इथेच आहे.)

काल रात्री 'सर' तिसऱ्यांदा पाहिला. रोहेना गेरा यांचा, २०१८ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवलेला. आपल्याकडे थेटरात यायला २०२० चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्या दिवसांत थेटरात जाणार कोण? बहुतेकांनी तो नंतर घरीच पाहिला असेल.

रत्ना (तिलोत्तमा शोम) खेड्यातली तरुण विधवा. मुंबईत अश्विनच्या (विवेक गोम्बर) फ्लॅटमध्ये राहून घरकाम करते. त्याचं ठरलेलं लग्न मोडलेलं आहे. एका घरात दोन खोल्या आणि मध्ये एक भिंत. कॅमेरा एकदा त्या भिंतीतून सरळ आडवा सरकतो, इकडे तो, तिकडे ती. अख्खा सिनेमा ती त्याला 'सर' म्हणते. पाण्याचा ग्लास देताना सर, दार उघडताना सर, तो रडवेला बसलेला असताना दिलासा देतानाही सर. मला सर म्हणू नकोस असं तो सांगतो, पण तिच्या तोंडून दुसरं काही निघत नाही. शेवटी ती गच्चीवर असते. फोन वाजतो. पलीकडून तो म्हणतो, "रत्ना?" ती गप्प. बराच वेळ गप्प. मग म्हणते, "अश्विन." तिथेच सिनेमा संपतो.

पहिल्या वेळी मला वाटलं होतं, हा काय शेवट? काल मात्र त्या एका शब्दाला मी उठून बसले, कारण मला माझी आजी आठवली. आजीनं आजोबांचं नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं. एरवी 'अहो', नाहीतर 'हे'. डॉक्टरांनी केसपेपरसाठी नाव विचारलं तर ती माझ्या बाबांकडे बघायची. नाव घ्यायला तिला यमकाचा आडोसा लागायचा. रत्नाला तो आडोसाही नाही. त्या गच्चीवर ती उखाण्याशिवाय नाव घेते.

आपल्या भाषेत अनोळखी माणसाशी बोलायचं तरी आधी नातं लावावं लागतं. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, कंडक्टर दादा. हाक ठरली की अंतर ठरतं, आणि अंतर ठरलं की जीव निवांत होतो. पण ज्या दोन माणसांनी जवळ यावं असं कुणालाच वाटत नाही, त्यांनी एकमेकांना म्हणायचं काय? मला आवडणारे कमी पैशांतले, बिनस्टारचे सिनेमे आठवत गेले तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी कथेचा जीव याच अडचणीत आहे.

'फँड्री' घ्या. नागराज मंजुळेंचा सिनेमा, आपल्याकडे लागला तो १४ फेब्रुवारी २०१४ ला. कैकाडी जातीतला शाळकरी जब्या वरच्या जातीतल्या शालूवर जीव टाकतो. तिच्यासाठी चिठ्ठी लिहितो, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, जीन्ससाठी पैसे साठवतो. पण तिला एकदाही हाक मारत नाही. वर्गात ती दोन बाकांवर असते, पण गावाच्या हिशेबात ती कोसभर लांब. गाव मात्र जब्याच्या घराला हाक मारतं, डुक्कर धरायला या म्हणून. शेवटी 'फँड्री', म्हणजे त्यांच्या बोलीत डुक्कर, हीच हाक होऊन त्याच्या अंगावर येते, आणि शालू ते पाहत असते. तो दगड भिरकावतो तेव्हा तिच्याशी न बोललेलं सगळं त्यात असतं असं मला वाटतं.

तुम्हाला असे कुठले सिनेमे, लघुपट, गाण्यांचे व्हिडिओ आठवतात? नुसती नावं नकोत. काय पाहिलंत ते लिहा.

चिंचपाणी

वाचनखूण साठवली. उखाण्याचं वाचून काटा आला. आमच्या सासूबाई अजूनही सासऱ्यांना 'ऐकलं का' म्हणतात.

लोकलवाला

'द लंचबॉक्स'शिवाय हा धागा पुरा होणार नाही. रितेश बत्रांचा, २०१३ चा. मी २४ वर्षं चर्चगेटला नोकरी केली, डबेवाल्यांच्या डब्यावर जगलो, त्यामुळे मी काही तटस्थपणे लिहू शकत नाही.

चुकीच्या पत्त्यावर डबा जातो एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण तुमच्या मुद्द्याशी जुळणारं एक सांगतो. नवऱ्यासाठी डबा पाठवणारी इला आणि तो चुकून ज्याला मिळतो तो साजन (इरफान खान) यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही, म्हणून सुरुवातीला बोलतो तो फक्त डबा. रिकामा परत आला म्हणजे आवडलं. मग चिठ्ठी सुरू होते. इला हिंदीत लिहिते, साजनची पत्रं बरीचशी इंग्रजीत. सुरुवातच कशी, तर आज जेवण फार खारट होतं. मला वाटतं इंग्रजीनं त्या माणसाची मोठी सोय केली. हिंदीत लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीत त्याला ठरवावं लागलं असतं, 'आप' की 'तुम'. मराठीत तर विचारूच नका.

आणि त्याला परत फिरवतं काय? दोघं भेटायचं ठरवतात. ती हॉटेलात वाट बघत बसते. तो येतो, लांबून तिला बघतो आणि समोर न जाता निघून जातो. त्या दिवशी सकाळी न्हाणीघरात त्याला आपल्या आजोबांचा वास आलेला असतो आणि गाडीत एक तरुण उठून त्याला बसायला जागा देतो. चांगुलपणानंच देतो. पण त्या क्षणी साजन कुणाचा तरी 'अंकल' झाला. ज्याला लोक अंकल समजून जागा देतात त्यानं तरुण बाईच्या समोर कुठल्या तोंडानं बसायचं?

मला पहिल्यांदा अशी जागा मिळाली ती बोरिवली फास्टमध्ये, वय ५३. कॉलेजचा मुलगा होता, पाठीला सॅक. "काका, बसा." मी बसलो, त्याला थँक्यूही म्हणालो, आणि अंधेरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो. इरफानचा तो चेहरा मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी तो डबेवाल्यांबरोबर तिचं घर शोधत निघतो. गाडीत त्यांचं भजन चाललेलं असतं. ही माणसं बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची, वारकरी घरांतली. वारीत जो समोर येईल तो 'माऊली'. वय नाही, जात नाही, बाई-बुवा नाही. साजन फर्नांडिसला सिनेमाभर न सापडलेली हाक गाडीच्या त्या डब्यात सगळ्यांसाठी चाललेली असते, त्यालाच तेवढी ऐकू येते की नाही कोण जाणे. दिग्दर्शकाच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. मला ते तसं दिसतं.

कृष्णाकाठची

लोकलवाला, 'माऊली'चं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आता तो शेवट पुन्हा बघणार.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीही याच धाग्यातल्या. त्या सिनेमाभर दिसतच नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज. खिडकीतून हाक आणि दोरीला बांधलेली टोपली. इलाच्या घरात नवरा असून तिच्याशी बोलणारं माणूस म्हणजे तो छतातून येणारा आवाज. आंटींच्या नवऱ्याचा पंखा आठवा. वर्षानुवर्षं बिछान्यात पडून तो फिरणाऱ्या पंख्याकडे बघतोय, म्हणून आंटी पंखा बंद न करता पुसतात. एका वाक्यात सांगितलेली केवढी मोठी प्रेमकथा आहे ती!

अभंगवाट

धागा चांगला आहे, पण 'सर'बद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई २२ वर्षं पुण्यात चार घरी पोळ्या करत होती. तिला सगळीकडे 'मावशी' म्हणायचे. मावशी म्हणजे आईची बहीण. त्या मावशीचा कप मात्र वेगळा, दांडा तुटलेला, ओट्याखालच्या फळीवर पालथा घातलेला. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचो तेव्हा मला तो कप दिसायचा. मला कुणी वाईट वागवलं नाही. बिस्किटं द्यायचे, जुनी पुस्तकं द्यायचे. पण तो कप माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

म्हणून हाक बदलली की काहीतरी घडलं, यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. 'सर' म्हणण्यात निदान खोटेपणा नाही. मालक आहे, सर म्हटलं. 'मावशी'मध्ये अंतर तेवढंच राहतं आणि वर मायेचं पांघरूण. आणि सिनेमातला अश्विन अमेरिकेत राहून आलेला, मृदू बोलणारा, स्वतःहून थँक्यू म्हणणारा. असा मालक किती जणींच्या वाट्याला येतो? प्रेमात पडण्याची मोकळीक त्याला आहे. रत्नाचं काही चुकलं तर तिची खोली जाते, पगार जातो, गावात तोंड दाखवायची सोय जाते. मी सिनेमा अर्ध्यावर बंद केला होता.

कृष्णाकाठची

अभंगवाट, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि 'मावशी'बद्दल मी वर फार सहज लिहून गेले. आमच्याही घरी असा एक कप होता. आईला त्याबद्दल विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

पण सिनेमा हे विसरतो असं मला वाटत नाही. अर्ध्यावर बंद केलात म्हणून सांगते. पार्टीत रत्नाकडून एका पाहुणीच्या अंगावर सांडतं, त्यावर ती बाई तिला सगळ्यांदेखत जे बोलते आणि बाकीचे ज्या सवयीनं पुढच्या विषयाकडे वळतात, ते नीट बघण्यासारखं आहे. अश्विन पुढे येतो तेव्हा रत्नाच हात मागे घेते. लोक काय म्हणतील, तुम्हाला काही होणार नाही, मला होईल, हा हिशेब तिच्याइतका स्वच्छ कुणालाच दिसत नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं तिला ठाऊक आहे.

आणि बांगड्या. गावात विधवा म्हणून तिचे हात मोकळे. मुंबईच्या वाटेवर ती पिशवीतून बांगड्या काढून हातात चढवते. कुणी बघत नाही, कुणाला दाखवायच्याही नाहीत. प्रेमकथा सुरू व्हायच्या आधीचं हे दृश्य आहे. माझ्या लेखी ते शेवटाइतकंच मोठं आहे.

गिरणगावकर

पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'चं अजून कुणी नाव काढलं नाही याचं नवल वाटतं. २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळालं, मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी आला, हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. मी लिहिणार आहे ते कुकरबद्दल.

प्रभा ही मुंबईतली मल्याळी नर्स. लग्न करून नवरा जर्मनीला गेला, वर्षाहून जास्त काळ फोन नाही. एक दिवस पार्सल येतं, आत चकचकीत लाल राइस कुकर. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री सगळं निजल्यावर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसते आणि त्या कुकरला पायांनी, हातांनी कवटाळून घेते. बस एवढंच. थेटरात माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग पार्वती, आपली छाया कदम. हॉस्पिटलात स्वयंपाकाला आहे. नवरा गेला, खोलीचा कागद नाही, बिल्डर उठवतोय. मी परळच्या चाळीत वाढलो. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या मजल्यावर काय काय झालं ते आजीकडून ऐकलंय, आणि कागद नसला की माणूस कसा पुसला जातो ते डोळ्यांनी पाहिलंय. रात्री पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या फलकाला दगड मारतात. 'फँड्री'तला दगड वर आला, म्हणून हा आठवला.

पुढे पार्वती, प्रभा आणि प्रभाबरोबर राहणारी तरुण नर्स अनू अशा तिघी पार्वतीच्या गावी, रत्नागिरीकडे जातात. समुद्रात बुडालेला एक माणूस किनाऱ्यावर आणतात, प्रभा त्याला शुद्धीवर आणते. गावातल्या बाईला ती त्याची बायको वाटते. त्यानंतर झोपडीत तो माणूस तिच्याशी नवऱ्यासारखं बोलतो आणि तीही बोलते. नवऱ्याला जे ऐकवायचं राहिलं होतं ते ती एका अनोळखी माणसाला सांगून मोकळी होते. ते खरं घडतं की तिच्या मनात, ते सिनेमा सांगत नाही. लोकांनी चुकून लावलेल्या नात्यात तिला खरं बोलायला जागा मिळाली. धाग्याच्या विषयात हे नेमकं बसतं असं मला वाटतं.

सीमेवरची

मी सोलापूरची. घरात मराठी, बोळात कन्नड. म्हणून 'अस्तु'बद्दल लिहिते, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा.

डॉ. मोहन आगाशे यात संस्कृतचे गाढे अभ्यासक, आता स्मृती जात चाललेली. मुलगी त्यांना गाडीत बसवून क्षणभर दुकानात जाते, आणि हे रस्त्यावरून चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा म्हणजे अमृता सुभाष, त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिला हा म्हातारा कोण, कुठला, काही माहीत नाही. भाषाही धड एक नाही. ती त्याला लेकरासारखं जेवू घालते. तो तिच्यात आई शोधतो. तिच्या वयाच्या मुली असतील त्याला! पण ती काही ते दुरुस्त करायला जात नाही.

आमच्याकडे कन्नडमध्ये लहान मुलीलाही लाडानं 'अम्मा' म्हणतात. त्यामुळे मला ते जराही विचित्र वाटलं नाही. शहरात लोक त्याची आठवण परत आणायला धडपडत असतात, आणि ही बाई तो जिथे आहे तिथेच जाऊन बसते.

टाकळीचा_राजा

लघुपट राहिलेच की. मी स्वतः दोन केलेत, मित्राचा कॅमेरा आणि मामाचं शेत घेऊन, म्हणून या बाजूनं लिहितो.

रोहन परशुराम कानवडेंचा 'उ उषाचा' (२०१९) मिळेल तिथे बघा. उषा शेतमजूर, एकटी आई. गावातल्या शाळेतल्या बाईंकडे तिचं मन ओढ घेतं, आणि त्या ओढीनं तिला अक्षरं शिकावीशी वाटतात. 'बाई' ही हाक बघा कशी आहे! शाळेतल्या शिक्षिकेलाही बाई आणि शेतावरच्या मजुरणीलाही बाई.

त्यांचाच 'सबर बोंडं' (म्हणजे निवडुंगाची फळं) हा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला गेलेला पहिला मराठी सिनेमा, २०२५ मध्ये तिथे जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार घेऊन आला. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी येतो, आणि लहानपणचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. बायका-बापे सारखे विचारतात, लग्न कधी? या दोघांसाठी गावाकडे एकच शब्द आहे, 'मित्र'. तो शब्द त्यांना झाकतो आणि सांभाळतोही. दोन पुरुष शेळ्यांमागे दिवसभर बसले तरी कुणी काही विचारत नाही.

पार्श्वसंगीत अजिबात नाही. पाखरं, शेळ्या, माणसांचं लांबून येणारं बोलणं. आम्ही लघुपट करतो तेव्हा पहिली चूक तीच करतो, दृश्य हललं नाही की खाली बासरी लावतो. हा सिनेमा पाहून मी माझ्या दुसऱ्या लघुपटातली सगळी बासरी काढून टाकली. मग कळलं की दृश्यच कच्चं होतं.

आणि नावातलं ते फळ. निवडुंगाची बोंडं ज्यानं खाल्लीत त्याला ठाऊक आहे, मोठा काटा दिसतो पण त्रास देते ती बारीक कूस. डोळ्यांना दिसत नाही, बोटांत जाते आणि दोन दिवस निघत नाही. आधी मातीत नाहीतर गोणपाटावर घासून घ्यावं लागतं, मग सोलायचं. आत लालभडक, ओठ रंगतात. दुसऱ्यासाठी बोंडं आणायची म्हणजे ती कूस आधी आपल्या हातात घ्यायची. बाळ्या आनंदसाठी ती आणतो. यापुढे संवाद लिहायची गरजच काय?

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी तो लागलाच नाही. जिल्ह्याला एका मल्टिप्लेक्सला एक शो, रात्री दहाचा. आम्ही सात जण जीप करून गेलो. परतायला दोन वाजले, वाटेत कुणी बोललं नाही.

मेपलपान

टोरांटोहून वाचतेय. इथल्या मित्रांबरोबर यातले दोन सिनेमे पाहिले. अहो, अरे, तू, तुम्ही, सगळं सबटायटलमध्ये एकाच 'यू'त वाहून जातं. 'सर' मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून तो शेवट परक्यांनाही पोचतो. माझी कोरियन मैत्रीण सर्वात आधी रडली. त्यांच्याकडेही हाकेशिवाय बोलता येत नाही म्हणाली.

गाण्यांच्या व्हिडिओंपैकी मला प्रतीक कुहाडच्या 'कोल्ड/मेस'चा आठवतो, झोया हुसेन आणि जिम सार्भ यांचा. तो दार गाय यांनी केला, मूळच्या युक्रेनच्या. त्यांनीच मुंबईच्या एका ड्रायव्हरवर 'नामदेव भाऊ' केला. शहराच्या कलकलाटाला विटलेला ६५ वर्षांचा माणूस शांतता शोधत लडाखला जातो आणि गळ्यात पडतो एक बडबडा मुलगा. सिनेमाच्या नावातच 'भाऊ' आहे!

अभंगवाट

परवा आईला घेऊन 'सर' पूर्ण पाहिला. इथलं वाचून वाटलं, आपण अर्ध्यावर सोडला हे बरोबर नाही.

आई शेवटपर्यंत काही बोलली नाही. अश्विन रत्नाला शिवणयंत्र देतो तिथे पुढे सरकून बसली. संपल्यावर विचारलं, "पुढं ती शिवणाचं काम करती का?" मी म्हटलं, हो, तसंच दिसतं. "मग बरं झालं." प्रेमाबद्दल एक अक्षर नाही.

मग ताटं धुताना आपणहून सांगायला लागली. मी लिहिलं होतं तो कप ज्या घरात होता, त्याच घरातली गोष्ट. तिथल्या आजींना शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं होतं. त्या आईला 'आक्का' म्हणायला लागल्या. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कधीच वारलेली. सूनबाई दर वेळी सांगायच्या, अहो या पोळ्यावाल्या मावशी आहेत. आजी ऐकायच्या नाहीत. पोळ्या होईतो स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि आईनं आपल्याजवळ बसून, आपल्या ताटातले चार घास खाल्ल्याशिवाय जेवायच्या नाहीत. सात-आठ महिने हे चाललं. हे सगळं मला परवा पहिल्यांदा कळलं.

मी विचारलं, तू त्यांना काय म्हणायचीस? आई म्हणाली, "मी काय म्हणणार? आक्का म्हटलं की ओ द्यायची."